आपत्कालीन उपचारांचे शिक्षक कसे घडतात?

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ नळदुर्ग, उमरगा ही गावे मागे टाकून कर्नाटकातील हुमनाबादमार्गे तेलंगणात शिरतो. मालमोटारी, प्रवासी बसगाड्या आणि दुचाकी यांची या रस्त्यावर अहोरात्र वर्दळ असते. अशा रस्त्यावर अपघात घडला म्हणजे जखमी माणसाचे भवितव्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. मदत किती लवकर पोचते, ही पहिली गोष्ट. आणि मदतीस आलेल्या माणसाला त्या क्षणी नेमके काय करावयाचे ते येते किंवा नाही, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीचा विचार गेल्या दोन दशकांत पुष्कळ झाला आहे. दूरध्वनीवर तीन अंक फिरविले की रुग्णवाहिका यावी, अशी व्यवस्था अनेक राज्यांत उभी राहिली. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र सामान्य माणसाचे लक्ष सहसा जात नाही. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी बसविणारा डॉक्टर ते कोठे शिकला? त्याला शिकविणारा कोण होता? आणि कसे शिकवावे, हे त्या शिक्षकाला कोणी शिकविले? या अखेरच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जगात आता एक स्वतंत्र प्रशिक्षण रूढ होत आहे. आपत्कालीन वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केलेल्या ज्या डॉक्टरांना अध्यापन हेच जीवितकार्य करावयाचे आहे, त्यांच्यासाठी ते असते. त्यास फेलोशिप, म्हणजेच अधिछात्रवृत्ती, असे म्हणतात. या प्रशिक्षणाचे महत्त्व समजून घेण्यास हैदराबाद शहराचा इतिहास फार उपयोगी पडतो.

एक नवे शास्त्र

पूर्वी मोठ्या रुग्णालयांत अपघात विभाग असे. पण त्या विभागाचे असे स्वतंत्र शास्त्र नव्हते. हाड मोडले असेल तर अस्थिशल्यचिकित्सकाला आणि छातीत दुखत असेल तर वैद्यकतज्ज्ञाला निरोप धाडावयाचा, तोपर्यंत कनिष्ठ डॉक्टराने वेळ सांभाळावयाची, अशी पद्धत होती. परंतु बेशुद्ध होऊन आलेला रुग्ण आपल्याला कोणत्या तज्ज्ञाची गरज आहे हे सांगू शकत नाही. त्याचा श्वास, रक्ताभिसरण आणि शुद्ध या तीन गोष्टी प्रथम सांभाळाव्या लागतात, निदान मागाहून होते. या जाणिवेतून आपत्कालीन वैद्यक, अर्थात इमर्जन्सी मेडिसिन, हे शास्त्र उदयास आले.

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९७० साली या विषयाचे पहिले निवासी प्रशिक्षण सुरू झाले आणि १९७९ साली त्या देशात या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २००९ साली ही शाखा मान्य केली. त्यानंतर एम.डी. ही पदवी आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदविका या दोन्ही मार्गांनी या विषयाचे तज्ज्ञ तयार होऊ लागले. हैदराबाद येथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले निम्स, या संस्थेतही या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते.

शास्त्र नवे असले की एक अडचण हमखास उद्भवते. विद्यार्थी मिळतात, इमारत मिळते, यंत्रेही मिळतात; परंतु तो विषय स्वतः रीतसर शिकलेले शिक्षक मिळत नाहीत. पहिल्या पिढीच्या शिक्षकांनी जे शिकविले, तेच पुढील पिढ्यांची सवय बनते. म्हणूनच आरंभीच्या शिक्षकांची तयारी ही त्या शास्त्राच्या दृष्टीने पायाभरणीच होय.

हैदराबादची परंपरा आणि मराठवाडा

हैदराबादचे वैद्यकीय विद्यालय १८४६ साली स्थापन झाले. तेच पुढे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्याचे भाग होते. त्यामुळे नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद येथील मुलांना आपल्याच राज्यात डॉक्टर व्हावयाचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. १९५६ साली औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि ही अडचण दूर झाली. आजही सीमेलगतच्या तालुक्यांतील रुग्ण मोठ्या उपचारांसाठी हैदराबादला नेले जातात. तेथील डॉक्टर कसे घडतात, हा प्रश्न त्यामुळे मराठी वाचकाला परका नाही.

या विद्यालयाच्या इतिहासातील एक प्रकरण वैद्यकीय शिक्षकाने विसरू नये असे आहे. एडवर्ड लॉरी हे शल्यचिकित्सक १८८५ च्या सुमारास विद्यालयाचे प्रमुख झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला बेशुद्ध करण्यासाठी त्या काळी क्लोरोफॉर्म वापरीत. त्याने मधूनमधून रुग्ण दगावत. अशा मृत्यूंत प्रथम श्वास थांबतो की हृदय थांबते, यावर डॉक्टरांत तीव्र मतभेद होते. लॉरी यांचे शिक्षण एडिंबरो येथे झाले होते. रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवा, म्हणजे धोका नाही, ही तेथील शिकवण ते हैदराबादच्या विद्यार्थ्यांना देत. मतभेद मिटविण्यासाठी निजाम सरकारच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग नेमण्यात आले. दुसऱ्या आयोगाच्या कामासाठी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रन्टन यांना हैदराबादला पाठविले. प्राण्यांवर पुष्कळ प्रयोग करण्यात आले आणि श्वासच प्रथम थांबतो, असा निर्वाळा आयोगाने दिला.

या कामाचे दोन परिणाम झाले. पहिला निःसंशय चांगला होता. विद्यार्थ्यांनी नुसते पाहत न राहता देखरेखीखाली स्वतः क्लोरोफॉर्म द्यावे, अशी पद्धत हैदराबादेत रुजली. १८८५ साली या विद्यालयात प्रवेश घेतलेल्या पाच स्त्रियांपैकी रूपाबाई फर्दुनजी या पुढे भूल देण्याच्या कामात निष्णात झाल्या. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

दुसरा परिणाम विचार करावयास लावणारा आहे. १९११ साली गुडमन लेव्ही या ब्रिटिश डॉक्टराने प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाही हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे केवळ श्वासावर लक्ष ठेवणे पुरेसे नव्हते. लॉरी हे कळकळीचे आणि कर्तबगार शिक्षक होते. तरीही त्यांच्या शिकवणीतील अपुरेपणा त्यांच्या अधिकारामुळेच दूरवर पसरला. शिक्षक जितका प्रभावी, तितकी त्याची चूकही दूर जाते. तेव्हा आपण जे शिकवितो ते कशाच्या आधारावर, हा प्रश्न स्वतःला वारंवार विचारण्याची सवय शिक्षकाच्या अंगी प्रशिक्षणाने बाणवावी लागते. अध्यापनाच्या अधिछात्रवृत्तीत संशोधनाला जे स्थान दिलेले असते, त्याचे कारण हेच होय.

१०८ आणि शिक्षकांची गरज

१५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथून १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ई.एम.आर.आय. या संस्थेने चालविलेली ही सेवा पुढे अनेक राज्यांत पोचली. महाराष्ट्रात २०१४ साली याच क्रमांकावर सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिका ठेवण्यात आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत साधनांच्या, तर ७०४ मूलभूत साधनांच्या होत्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशी योजना होती.

गाड्या विकत घेता येतात. त्यांत बसावयाची कुशल माणसे मात्र तयार करावी लागतात. हैदराबादेत ही गोष्ट लवकरच ध्यानात आली. २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आपत्कालीन वैद्यक विभागाच्या साहाय्याने ई.एम.आर.आय. येथे रुग्णवाहिकेवरील सेवकांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. या उपक्रमाचे वैशिष्ट्य असे की, पाहुण्या डॉक्टरांनी केवळ विद्यार्थ्यांना शिकवून परत जावे अशी त्याची मांडणी नव्हती. भारतीय प्रशिक्षक तयार व्हावेत आणि शिकविण्याचे काम क्रमाक्रमाने त्यांच्याकडे यावे, असा हेतू त्यामागे होता. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने शंभर माणसे तयार केली तर शंभरच माणसे तयार होतात. त्याने दहा शिक्षक तयार केले तर ते काम तो गेल्यानंतरही चालू राहते.

उत्तम डॉक्टर आणि उत्तम शिक्षक

प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवावयाचे असले तरी शिक्षकाला अध्यापनाची पदविका घ्यावी लागते. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेला डॉक्टर अध्यापनाचा एकही पाठ न घेता अधिव्याख्याता होई. ज्याला विषय येतो त्याला शिकविताही येते, असे गृहीत धरलेले होते. एक पाहा, एक करा, एक शिकवा, असे वैद्यकीय जगातील जुने वचन याच समजुतीचे द्योतक आहे.

आपत्कालीन विभागात ही समजूत विशेष धोक्याची ठरते. त्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण असे की, येथे रुग्ण थांबू शकत नाही. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला छातीवरील दाब अथवा विजेचा झटका मिळाला नाही तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. अशा वेळी विद्यार्थ्याला चाचपडत शिकू देणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय. दुसरे कारण असे की, विद्यार्थ्याच्या हातून काहीच करवून घेतले नाही, तर उद्या ग्रामीण रुग्णालयात एकटा असताना तो हतबल होईल. तिसरे कारण विभागातील गर्दीचे. दहा रुग्ण वाट पाहत असताना फळ्यासमोर तासभर व्याख्यान देणे शक्य नसते. शिकवावयाचे ते दोन खाटांमधील अंतर चालता चालता शिकवावे लागते.

रुग्णाचे रक्षण आणि विद्यार्थ्याचे शिक्षण या दोन्ही कर्तव्यांचा मेळ घालणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. अधिछात्रवृत्तीचा मुख्य विषय तोच आहे. पाश्चात्य देशांत हे प्रशिक्षण सामान्यतः एक ते दोन वर्षांचे असते. या काळात डॉक्टर रुग्णसेवा सोडत नाही. त्याचे रुग्णसेवेचे तास कमी केले जातात आणि उरलेला वेळ अध्यापन, अभ्यास व संशोधन यांसाठी राखून ठेवला जातो.

प्रशिक्षणात काय शिकवितात?

पहिला भाग खाटेजवळच्या अध्यापनाचा असतो. थोड्या वेळात शिकविण्याची एक सुटसुटीत पद्धत १९९२ साली अमेरिकेतील डॉक्टर-शिक्षकांनी मांडली. तिला एका मिनिटाची मार्गदर्शन पद्धती असे म्हणता येईल. समजा, फवारणी करताना अत्यवस्थ झालेल्या शेतकऱ्याला विभागात आणले आहे. शिक्षक प्रथम विद्यार्थ्याला विचारतो, “तुमच्या मते हे काय आहे?” विद्यार्थी सांगतो, “सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची विषबाधा.” शिक्षक पुढे विचारतो, “कशावरून?” बाहुल्या बारीक झालेल्या आहेत, तोंडातून लाळ गळते आहे, घाम सुटला आहे, नाडी मंद आहे, असे विद्यार्थी दाखवून देतो. मग शिक्षक एकच सर्वसाधारण नियम सांगतो. ॲट्रोपीनची मात्रा वाढवीत नेताना बाहुल्यांवर विसंबू नये. छातीतील स्राव आटून श्वास मोकळा झाला की नाही ते पाहावे. त्यानंतर विद्यार्थ्याचे जे बरोबर होते ते तो स्पष्टपणे सांगतो आणि शेवटी चूक दुरुस्त करतो, “रुग्णाचे भिजलेले कपडे अजून अंगावर आहेत. ते हातमोजे घालून प्रथम उतरवा आणि अंग धुवा.” हे संभाषण एका मिनिटात संपते. या अवधीत परिचारिकेचे काम थांबत नाही आणि विद्यार्थी जे शिकतो ते जन्मभर विसरत नाही.

दुसरा भाग सरावाच्या पुतळ्यांचा. नॉर्वेतील खेळणी तयार करणारे आसमुंड लेर्दाल यांनी १९६० साली कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या सरावासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा तयार केला. त्याच वर्षी छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत अमेरिकेत प्रसिद्ध झाली. आज या दोन्ही गोष्टी जगभर प्रशिक्षणाचा कणा बनल्या आहेत. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढ माणसाच्या बाबतीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा असतो. हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. दोन मिनिटे सलग दाब दिल्यावर हात कसे भरून येतात आणि म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस का बदलावा, हे पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही.

पुतळा असला म्हणजे शिक्षण होते असे मात्र नाही. सरावानंतरची चर्चा हा त्यातील खरा गाभा आहे. सराव चालू असताना शिक्षकाने गप्प राहावयाचे असते. सराव संपल्यावर तो सर्वांना एकत्र बसवून विचारतो, “त्या क्षणी तुमच्या मनात काय होते?” प्रमुखाने औषध सांगितले, पण कोणाला उद्देशून सांगितले तेच कळले नाही, म्हणून ते कोणीच दिले नाही, अशा गोष्टी या चर्चेत उघड होतात. सूचना नाव घेऊन द्यावी आणि ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत उच्चारावी, हा साधा नियम त्यातून मनावर ठसतो. कोणालाही न दुखविता चूक दाखविणे हे या चर्चेचे मर्म असून ते अभ्यासानेच साधते. सर्वांसमक्ष अपमान झालेला विद्यार्थी पुढील वेळी चूक टाळतोच असे नाही. तो ती लपवावयास शिकतो. आणि लपविलेली चूक अपघात विभागात जीव घेते.

तिसरा भाग मूल्यमापनाचा. विद्यार्थ्याला काय माहीत आहे आणि तो प्रत्यक्ष काय करतो, यांत मोठे अंतर असते. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली या अंतराच्या चार पायऱ्या दाखविल्या: जाणणे, कसे करावे ते जाणणे, करून दाखविणे आणि नित्य व्यवहारात करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंतच पोचते. तिसऱ्या पायरीसाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली एक परीक्षापद्धती मांडली. विद्यार्थी ठरावीक वेळात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातात, प्रत्येक ठिकाणी एक काम करून दाखवितात आणि परीक्षक आधी ठरविलेल्या यादीप्रमाणे गुण देतो. त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीला फारसा वाव राहत नाही. अशी परीक्षा कशी आखावी, याचे शिक्षण अधिछात्रवृत्तीत मिळते.

चौथा भाग संभाषणाचा. हैदराबादच्या रुग्णालयात तेलुगू, दखनी उर्दू, मराठी आणि कन्नड या भाषा एकाच दालनात कानी पडतात. घाबरलेल्या नातेवाइकांना त्यांच्या भाषेत, साध्या शब्दांत वस्तुस्थिती सांगणे, मृत्यूची वार्ता उभ्या उभ्या न देता त्यांना बाजूला बसवून देणे, हीदेखील शिकविण्याची व शिकण्याची बाब आहे. ती शिक्षकाच्या उदाहरणातून विद्यार्थ्यात उतरते.

भारतातील मार्ग

आपल्या देशात वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा विचार नवा नाही. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पाँडिचेरी येथील जिपमेर संस्थेत राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले. १९९७ च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असावा असे ठरले. पुढे महाविद्यालयीन शिक्षकांसाठी अध्यापनशास्त्राचे मूलभूत व प्रगत अभ्यासक्रम सुरू झाले आणि २०२२ च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी मूलभूत अभ्यासक्रम आवश्यक ठरविण्यात आला. २०१९ साली एम.बी.बी.एस.साठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याने काय वाचले यापेक्षा त्याला काय करता येते, यावर त्यात भर आहे.

अधिक सखोल प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात २००५ साली फायमर या अमेरिकास्थित प्रतिष्ठानाच्या सहकार्याने प्रादेशिक केंद्र सुरू झाले. त्यानंतर लुधियाना आणि कोइमतूर येथेही अशी केंद्रे निघाली. येथील अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असते. शिक्षकाला नोकरी सोडावी लागत नाही. काही दिवस केंद्रात एकत्र राहून शिकावयाचे आणि उरलेल्या काळात आपल्याच महाविद्यालयात शिक्षणसुधारणेचा एक प्रकल्प पूर्ण करावयाचा, अशी तिची मांडणी आहे. ती सर्व विषयांच्या शिक्षकांसाठी असल्याने आपत्कालीन वैद्यकाच्या शिक्षकाला औषधशास्त्राच्या अथवा बालरोगशास्त्राच्या शिक्षकांशेजारी बसून शिकता येते. आपत्कालीन विभागात सर्वच शाखांचे रुग्ण येत असल्यामुळे हा सहवास त्याच्या विशेष उपयोगी पडतो.

अडचणी

मार्ग असला तरी तो निष्कंटक नाही. पाळी संपवून थकलेला डॉक्टर अध्यापनाची तयारी केव्हा करणार, हा पहिला प्रश्न आहे. अध्यापनासाठी वेळ राखून ठेवल्याखेरीज अधिछात्रवृत्ती नावापुरती उरते. दुसरा प्रश्न धोरणाचा आहे. २०२० च्या नियमांत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आपत्कालीन वैद्यकाचा विभाग आवश्यक मानण्यात आला होता. २०२३ च्या निकषांत मात्र आवश्यक विभागांच्या यादीतून तो वगळण्यात आला. ज्या महाविद्यालयात विभाग नाही, तेथे त्या विषयाच्या शिक्षकाचे पद कोठून येणार? आणि पद नसेल तर तरुण डॉक्टर अध्यापनाची वाट कशासाठी धरील? शिक्षकाची कारकीर्द सुरक्षित असणे हा प्रशिक्षणाइतकाच महत्त्वाचा भाग आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

गावाचा संबंध काय?

या विषयाचा आपल्या गावाशी काय संबंध, असे वाचकाला वाटेल. त्याचे उत्तर कोकणातील एका सुप्रसिद्ध उदाहरणात आहे. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे, विशेषतः मुले, हृदय व फुप्फुसे निकामी होऊन दगावत. रुग्णांच्या खाटेजवळ रात्रंदिवस बसून त्यांनी लक्षणांची नोंद ठेवली आणि प्राझोसिन हे मुळात रक्तदाबावरील औषध या दंशावर गुणकारी ठरते, हे दाखवून दिले. त्यांचा यासंबंधीचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु लेख प्रसिद्ध झाल्याने प्रत्येक केंद्रातील डॉक्टराला तो उपचार येऊ लागतो असे नाही. खेड्यापाड्यांतील डॉक्टरांपर्यंत तो पोचविण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे शिकवावे लागले. शोध एका ठिकाणी लागतो. जीव अनेक ठिकाणी वाचवावयाचे असतात. या दोहोंमधील सेतू म्हणजे शिक्षक होय.

हा सेतू किती दूर जातो, याचा हिशेब साधा आहे. समजा, प्रशिक्षित शिक्षकाने वर्षाला दहा निवासी डॉक्टर चांगले तयार केले. त्यांतील प्रत्येकाने आपल्या रुग्णालयात दहा वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांना शिकविले, तर एका वर्षाच्या कामातून शंभर माणसे तयार होतात. त्यांनी पुढे आशा कार्यकर्त्या, बसचालक, पोलीस आणि शाळेतील शिक्षक यांना छातीवर दाब देणे, रक्तस्राव थांबविणे, सर्पदंश झालेल्या माणसाला धीर देऊन, अवयव न हलविता, वेळ न दवडता रुग्णालयात पोचविणे या गोष्टी शिकविल्या, तर साखळी गावापर्यंत येते. हृदय बंद पडलेल्या माणसाची पहिली काही मिनिटे नेहमी शेजाऱ्याच्याच हाती असतात. रुग्णवाहिका त्यानंतर येते. साखळीचे शेवटचे कडे मजबूत असावे असे वाटत असेल तर पहिले कडे ओतीव हवे.

शाळेतील शिक्षकांना या साखळीत विशेष स्थान आहे. विद्यार्थ्याला प्रथम विचार करू द्यावा, कारण विचारावे, एका वेळी एकच नियम सांगावा, चांगले ते आधी सांगून चूक मागाहून दुरुस्त करावी, ही पद्धत अपघात विभागात जितकी उपयोगी, तितकीच गणिताच्या तासालाही. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अथवा जिल्हा रुग्णालयाकडे प्रथमोपचार व हृदय पुनरुज्जीवनाच्या प्रात्यक्षिकांची मागणी केली, तर शिकविणाऱ्या तरुण डॉक्टरांनाही सरावाचे क्षेत्र मिळेल.

हैदराबादच्या जुन्या विद्यालयात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवावयास शिकविले गेले. त्या शिकवणीत सत्य होते, पण ते अर्धे होते, आणि उरलेले अर्धे कळावयास दोन दशके लागली. आजच्या शिक्षकाला अधिक साधने उपलब्ध आहेत: पुतळे आहेत, पारखलेल्या परीक्षापद्धती आहेत, जगभरचे संशोधन हाताशी आहे. ती वापरण्याची दृष्टी त्याला प्रशिक्षणाने मिळाली, तर उमरग्याजवळच्या रस्त्यावर मध्यरात्री जखमी होऊन पडलेल्या माणसाजवळ गुडघे टेकणारा तरुण डॉक्टर चाचपडणार नाही. त्याला शिकविणारा शिक्षक त्या वेळी तेथे नसेल, त्याचे नावही त्या जखमी माणसाला कधी कळणार नाही. पण त्याने दिलेले शिक्षण त्या हातांत असेल.